चित्र दोरीवर टांगले

१. खापरावरची रेघ

तापी आणि गोमाई या दोन नद्या जेथे मिळतात, तेथे प्रकाशा गाव वसले आहे. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. केदारेश्वराच्या दर्शनाला लांबलांबून माणसे येतात. लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण प्रकाशाची आणखी एक गोष्ट आहे. ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९५५ साली सरकारच्या पुरातत्त्व खात्याने येथे खोदकाम केले. बी. के. थापर नावाचे मोठे जाणकार त्या कामावर होते. त्यांनी मातीचा एकेक थर हलक्या हाताने काढला. वरच्या थरांत अलीकडच्या वस्तू निघाल्या. खालच्या थरांत जुन्या निघाल्या. अगदी तळाशी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. त्या काळी लोखंड ठाऊक नव्हते. माणसे दगडाची आणि तांब्याची हत्यारे वापरीत.

त्या थरात खापराचे तुकडे निघाले. तांबडे खापर आणि त्यावर काळ्या रंगाची नक्षी.

आता जरा विचार करा. मडके कशासाठी? पाणी भरायला, धान्य ठेवायला. नक्षी नसली म्हणून पाणी गळत नाही. नक्षी असली म्हणून धान्य वाढत नाही. मग कोणा बाईने किंवा बुवाने, हातातली दहा कामे बाजूला ठेवून, त्या मडक्यावर काळी रेघ का ओढली?

तिला ती बरी वाटली म्हणून! दुसरे कारण काय असणार?

तेव्हा कोणी म्हणू लागला, "चित्रे काढणे हा शहरच्या रिकाम्या लोकांचा उद्योग आहे," तर त्याला हे खापर दाखवा. तापीच्या काठी माणूस शेती करू लागला, तेव्हाच तो चित्रेही काढू लागला होता.

२. भिंत गेली, मग चित्र कोठे जाणार?

पुढे माणसाने घर बांधले. घराला मातीची भिंत आली. भिंत सारवली की बायकांचा हात थांबत नसे. लग्न असो, सण असो, भिंतीवर काही तरी उमटायचेच. सातपुड्याच्या बाजूला भिल्ल बांधवांच्या घरी भिंतीवर घोडे काढण्याची चाल आहे. त्याला पिठोरा म्हणतात. तिकडे ठाणे-पालघरच्या डोंगरात वारली लोकांच्या घरी लग्नाचा चौक लिहितात. होय, 'लिहितात'. वारली माणूस चित्र 'काढले' म्हणत नाही, 'लिहिले' म्हणतो.

आता मातीची भिंत कमी होत चालली. सिमेंटची भिंत आली. ती चांगलीच आहे. पावसाळ्यात गळत नाही, दरवर्षी लिंपावी लागत नाही. तिला कोणी नावे ठेवू नये. पण तिच्यावर शेणाचा सारवा बसत नाही आणि सारव्याबरोबर येणारे चित्रही येत नाही. आजीच्या बोटांत असलेली कला नातीच्या बोटांत उतरायची, तर तिला नवी जागा पाहिजे. ती जागा म्हणजे कागद आणि कापड.

कागदावर चित्र आले की दुसरा प्रश्न उभा राहतो. भिंतीवरचे चित्र येणारा-जाणारा आपोआप पाहत असे. कागदावरचे चित्र पेटीत पडून राहिले, तर कोण पाहणार? चित्राला पाहणारा पाहिजे. त्यासाठी चित्र बाहेर टांगावे लागते. आजचा धडा त्याविषयीच आहे.

३. धुळीत रेघा ओढणारा मुलगा

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात तलासरी तालुका होता. तो आता पालघर जिल्ह्यात आहे. तेथील धामणगावी १९३४ साली एक मुलगा जन्मला. त्याचे नाव जिव्या सोमा म्हसे. तो लहान असताना आई वारली. मुलगा इतका हबकला की त्याचे बोलणेच बंद झाले. काही सांगायचे असले की तो धुळीत बोटाने रेघा ओढी. पुढे तो डहाणू तालुक्यात गंजाड गावच्या कळंबीपाड्यावर राहू लागला.

वारली चित्रे हे बायकांचे काम. लग्नाच्या वेळी सुवासिनी ती लिहीत. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. बांबूची काडी चावून केलेला कुंचला. एवढेच सामान. लग्न झाले की काम संपले. पण जिव्याला लग्नाची वाट पाहवेना. तो रोज लिही.

१९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार त्या भागात आले. ते शहरात शिकलेले होते, पण खेड्यातील कला पाहायला रानोमाळ हिंडत. त्यांनी वारली बायकांना आणि जिव्या म्हसे यांना कागद दिला, पांढरा रंग दिला आणि म्हटले, काढा. त्यांनी "असे काढा, तसे काढा" म्हणून शिकवले नाही. शिकवायचे काही नव्हतेच. त्यांनी फक्त कागद दिला आणि पाहिले.

१९७५ साली मुंबईत गॅलरी केमोल्ड या ठिकाणी म्हसे यांची चित्रे भिंतीवर लागली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली त्यांचे काम फ्रान्स देशात पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. ज्या मुलाला बोलता येत नव्हते, त्याचे म्हणणे सातासमुद्रापलीकडे पोचले.

४. सहा रुपये आणि दहा रुपये

दुसरी गोष्ट आपल्या आणखी जवळची आहे. सातपुडा ओलांडला, नर्मदा ओलांडली की पुढे मध्य प्रदेशाचा झाबुआ जिल्हा लागतो. तेथे पिटोल गावी भुरीबाई नावाची एक भिल्ल मुलगी होती. लग्न झाल्यावर ती नवऱ्याबरोबर मजुरीसाठी भोपाळला गेली.

तेव्हा भोपाळात 'भारत भवन' नावाची कलेची मोठी इमारत बांधली जात होती. १९८२ साली ती उघडली. भुरीबाई तेथे माती-विटा वाहत होती. जगदीश स्वामीनाथन नावाचे प्रसिद्ध चित्रकार तेथील कामावर देखरेख करीत. त्यांनी मजूर बायकांना विचारले, "तुमच्या घरी भिंतीवर काय काढता? मला काढून दाखवा."

भुरीबाईला हिंदी नीट येत नव्हते. तिला वाटले, मी चित्र काढीत बसले, तर माझी मजुरी कोण देणार? मजुरी होती दिवसाला सहा रुपये. स्वामीनाथन म्हणाले, चित्र काढ, तुला दिवसाला दहा रुपये देईन. ही हकीकत भुरीबाईंनी पुढे अनेकदा सांगितली आहे. बसून चित्र काढायचे आणि विटा वाहण्यापेक्षा जास्त पैसे! त्यांचा आधी विश्वासच बसला नाही.

पिठोऱ्यातले घोडे बायकांनी काढू नयेत, अशी त्यांच्या समाजात रूढी होती. भुरीबाईंनी झाडे काढली, मोर काढले, हरणे काढली, घरे काढली. पुढे मोटार आणि विमानही काढले. भिल्ल चित्रात ठिपक्यांनी रंग भरतात. प्रत्येकाचा ठिपका देण्याचा ढंग निराळा. नुसत्या ठिपक्यांवरून चित्र कोणाचे ते ओळखता येते, असे जाणकार सांगतात. जशी आपल्या गावात चालीवरून माणूस ओळखता येतो, तसेच.

२०२१ साली भुरीबाईंना पद्मश्री मिळाली. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात एका लांबलचक भिंतीवर त्यांनी आपल्या आयुष्याची गोष्ट चित्रांत काढली आहे.

या दोन्ही गोष्टींत एक धागा सारखा आहे. कला आधीपासून होती. तिला कोणी तरी थांबून पाहिले. पाहणारा भेटला नसता, तर भुरीबाईंच्या हातात वीटच राहिली असती.

५. रस्त्यावरची गॅलरी

गॅलरी म्हणजे चित्रे मांडण्याची जागा. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी नावाची प्रसिद्ध जागा आहे. सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. १९५२ साली मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते ती उघडली गेली. म्हसे यांची चित्रे जेथे लागली, ती गॅलरी केमोल्ड त्या वेळी याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती.

या भागाला काळा घोडा म्हणतात. इंग्रजांच्या राजाचा काळ्या घोड्यावर बसलेला पुतळा तेथे होता. १९६५ साली तो हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेला. पुतळा गेला, पण नाव राहिले. २०१७ साली तेथे नवा काळा घोडा बसवला. त्याच्यावर स्वार मात्र कोणी नाही.

जहांगीर गॅलरीच्या आत चित्रे लावायला फार गर्दी असते. अर्ज करून काही वर्षे थांबावे लागते. मग नव्या चित्रकाराने काय करावे? तो गॅलरीच्या बाहेर, पदपथावर आपली चित्रे मांडतो. वर छप्पर नाही, दाराशी शिपाई नाही. कचेरीत जाणारा बाबू, शाळेतली मुले, भेळ खाणारा माणूस, सगळे जाता जाता पाहतात. कोणी थांबतो, कोणी विचारतो, कोणी विकत घेतो. आतल्या गॅलरीत जायला साध्या माणसाला संकोच वाटतो. रस्त्यावर संकोच कसला?

ही रस्त्यावरची मांडणी कमी दर्जाची आहे, असे समजू नका. आपल्याकडे कीर्तन देवळाच्या ओसरीवर होते, तमाशा मोकळ्या पटांगणात होतो. चांगली गोष्ट उघड्यावर मांडली म्हणून तिचे मोल घटत नाही.

६. समजा, प्रकाशाच्या घाटावर...

मुंबई लांब राहिली. हे आपल्या गावी होईल काय? न व्हायला काय झाले? समजा, आपल्या भागातील एक मुलगी आहे. दिवसा ती पपईच्या शेतात निंदणीला जाते. रात्री दिव्याखाली चित्रे काढते. तिच्याजवळ बारा चित्रे साठली आहेत. बाप म्हणतो, "कागद काळे करून पोट भरते काय?" आई काही म्हणत नाही, पण चित्रे जपून पेटीत ठेवते.

समजा, गावातील चार माणसांनी ठरवले की ही चित्रे घाटावर मांडायची. त्यांना काय काय करावे लागेल?

पहिले काम परवानगीचे. घाट सर्वांचा आहे. म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा. देवळाजवळ मांडायचे असेल, तर पुजारी आणि विश्वस्त यांना आधी विचारावे. जुन्या दगडी बांधकामात किंवा झाडात खिळा ठोकू नये. भाविकांच्या वाटेत काही आडवे येऊ देऊ नये.

दुसरे काम जागेचे. चित्रावर थेट ऊन पडू नये. उन्हाने रंग उडतो. मोठ्या झाडाची किंवा भिंतीची सावली पाहावी. नदीकाठी दुपारनंतर वारा सुटतो. म्हणून कागद पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि खालच्या बाजूलाही बांधावा, नाही तर चित्र पतंगासारखे उडेल. रात्री दव पडते. संध्याकाळी चित्रे उतरवून ठेवावीत.

तिसरे काम टांगण्याचे. दोन बांबू रोवले, मध्ये जाड सुतळी ताणली, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले की झाली गॅलरी! चित्राचा मध्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावा. जमिनीपासून सुमारे पाच फूट धरा. दोन चित्रांत हातभर अंतर ठेवा. चित्रे दाटीवाटीने लावली, तर एकही धड दिसत नाही.

चौथे काम चिठ्ठीचे. प्रत्येक चित्राखाली मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावी. त्यावर चार गोष्टी असाव्यात. चित्रकाराचे नाव, गाव, चित्राचे नाव आणि किंमत. ही चिठ्ठी लिहायला आता शहरचा माणूस बोलवायला नको. तुम्हांला लिहिता येते.

आणि जवळ एक वही ठेवावी. पाहणाऱ्याने त्यात एक तरी ओळ लिहावी.

७. पहिला तास

समजा, सकाळी चित्रे टांगली. पहिल्या तासात कोणी थांबत नाही. माणसे अंघोळीला उतरतात, दर्शनाला जातात, बसच्या घाईत असतात. मुलगी खांबाआड उभी आहे. तिला वाटते, उगाच आलो. आपण सगळ्यांना हसायला आपले घर उघडे केले. घाटावरच्या एवढ्या लोकांत तिला एकटे वाटते.

मग एक म्हातारी थांबते. हातात ओले लुगडे आहे. ती एका चित्राजवळ जाते. जवळून पाहते.

"हाई काय शे बाई?" ती विचारते.

"मोर आहे आजी. विहिरीवर पाणी प्यायला आला आहे."

"पाय नाही दिसत त्याचे."

"गवतात आहेत."

म्हातारी हसते. "हां, खरे. मोर गवतातच उभा राहतो. माझ्या माहेरी भिंतीवर असा मोर होता. माझ्या आईने काढलेला. भिंत पडली, मोरही गेला."

एवढे बोलून ती निघून जाते. चित्र विकत घेत नाही. वहीत लिहायला तिला येत नाही. पण खांबाआडची मुलगी आता पुढे येऊन उभी राहते. तिचा बाप दुरून पाहत असतो. तो काही बोलत नाही. पण उन्हाची तिरीप चित्रावर येते, तेव्हा तो उठतो आणि ताडपत्रीचा कोपरा ओढून सावली करतो.

आता सांगा, प्रदर्शन फुकट गेले काय? पैसा आला नाही, हे खरे. पण चित्राला पाहणारा मिळाला. म्हसे यांना कुलकर्णी भेटले, भुरीबाईंना स्वामीनाथन भेटले. प्रत्येकाला असा मोठा माणूस भेटेलच असे नाही. पण ओले लुगडे हातात घेऊन थांबणारी आजी प्रत्येक गावात असते. ती आजी तुम्ही होऊ शकता.

८. चित्र कसे पाहावे?

पुष्कळ जण म्हणतात, "गुरुजी, आम्हांला चित्रातले काय कळते?" मी त्यांना विचारतो, "सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पाहता ना?" दत्तजयंतीला तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणता माणूस घोडा कसा पाहतो? आधी लांबून पाहतो. उभा कसा आहे, मान कशी आहे. मग चालवून पाहतो. मग जवळ जातो, दात पाहतो, खूर पाहतो. किमतीचे बोलणे सर्वांत शेवटी.

चित्रही तसेच पाहावे. आधी दहा पावले दूर उभे राहा. नजर प्रथम कोठे जाते ते ध्यानात घ्या. मग जवळ जा. रेघ पाहा, ठिपका पाहा. हात घाबरत चालला आहे की ठामपणे, ते रेघेवरून समजते. मग चित्रकाराला विचारा, "हे असे का काढले?" किंमत शेवटी विचारा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. "हा माणूस खऱ्यासारखा दिसत नाही," असे चटकन म्हणू नका. वारली चित्रात माणसाचे अंग दोन त्रिकोणांचे असते. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण आणि वर गोल डोके. खरा माणूस तसा नसतो. पण तारपा वाजू लागला आणि माणसे फेर धरून नाचू लागली की ते त्रिकोण असे झुलतात, की आपलाही पाय हलतो. चित्राला खरेपणा निराळ्या वाटेनेही येतो.

९. किमतीचा हिशेब

आता पैशाचे बोलू. चित्राची किंमत कशी ठरवावी? समजा, कागद आणि रंग यांना १५० रुपये लागले. चित्राला चार दिवस लागले. दिवसाची मेहनत ३०० रुपये धरली, तर १२०० रुपये झाले. येण्याजाण्याचा खर्च ५० रुपये. एकूण १४०० रुपये. ही झाली पदरची किंमत. याहून कमी घेतले, तर चित्रकार स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देत आहे, असे समजावे.

पण पुष्कळदा काय होते? कोणी व्यापारी येतो. म्हणतो, "पाचशे घे, सगळी चित्रे उचलतो." घरात नड असते. हातात रोख पैसा दिसतो. बारा चित्रे जातात. चार दिवसांच्या कामाचे पाचशे म्हणजे रोजचे सव्वाशेच झाले. त्यातून कागद आणि रंग वजा केले, तर हातात काय उरले? हा हिशेब पाटीवर करून पाहा.

विक्री दुसऱ्यामार्फत होत असेल, तर त्याचा हिस्सा किती, हे आधी ठरवावे आणि लिहून घ्यावे. हिस्सा घेणे वाईट नाही. त्यालाही जागा, भाडे, माणूस लागतो. पण न सांगता घेणे वाईट.

१०. कोपऱ्यातली सही

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

जुन्या भिंतीवरच्या चित्राखाली नाव नसे. गरजही नव्हती. सगळ्या गावाला ठाऊक असे की हा चौक अमक्या बाईच्या हातचा. पण चित्र गावाबाहेर गेले की ही ओळख तुटते. चित्र मुंबईला जाते, तेथून परदेशी जाते. विकणाऱ्याचे नाव पावतीवर असते. काढणाऱ्याचे नाव कोठेच नसते. प्रकाशाच्या खापरावर रेघ ओढणारीचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण आज जी जिवंत आहे, तिचे नाव तरी हरवू नये.

म्हणून चित्राच्या कोपऱ्यात सही पाहिजे. नाव आणि साल.

कायदाही चित्रकाराच्या बाजूला आहे. १९५७ साली आपल्या देशात स्वामित्वहक्काचा कायदा झाला. त्याला कॉपीराइट म्हणतात. आपल्या मनाने काढलेल्या चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो. तो हयातभर राहतो आणि मागाहून ६० वर्षे वारसांकडे राहतो. चित्र विकले म्हणजे हा हक्कही विकला, असे होत नाही. विकत घेणाऱ्याने चित्र भिंतीला लावावे. पण ते कॅलेंडरवर, साडीवर, पिशवीवर छापायचे असेल, तर चित्रकाराची परवानगी पाहिजे. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल, तर तसा लेखी कागद करावा लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. नुसत्या तोंडी बोलण्याने तो जात नाही.

पण हे दुधारी आहे, बरे का! कागदावर सही केली, तर हक्क जाऊही शकतो. म्हणून कोणताही कागद पुढे आला की आधी वाचा. समजले नाही, तर वाचून घ्या. "नंतर वाच, आधी सही कर," असे म्हणणाऱ्याला सांगा, "मी आधी वाचीन."

तुम्ही या वर्गात आलात, तेव्हा पहिल्या आठवड्यात काय शिकलात? आपले नाव लिहायला. अंगठा उठवणारा हात पहिल्यांदा नाव लिहितो, तेव्हा तो थोडा कापतो. अक्षर वाकडे येते. मी ते पुष्कळदा पाहिले आहे. कोणी लाजते, कोणी हसते, कोणी पाटी पुसायलाच तयार होत नाही. चित्राच्या कोपऱ्यात प्रथमच आपले नाव लिहिणाऱ्या मुलीचा हातही तसाच कापतो. तुम्हांला ते कोणाहूनही अधिक समजेल.

तेव्हा तुमच्या गावी कोणी दोरीवर चित्रे टांगली, तर थांबा. चिठ्ठीवरचे नाव मोठ्याने वाचा. ते नाव उच्चारलेले चित्रकाराला ऐकू द्या. आणि वहीत एक ओळ लिहून पुढे जा.

कठीण शब्द

उत्खनन : जुन्या वस्तू शोधण्यासाठी केलेले खोदकाम.
खापर : फुटलेल्या मडक्याचा तुकडा.
पदपथ : रस्त्याकडेची पायी चालण्याची वाट.
कुंचला : रंग देण्याचा ब्रश.
तारपा : वारली लोकांचे फुंकून वाजवायचे वाद्य.
स्वामित्वहक्क : आपण निर्माण केलेल्या वस्तूवरचा आपला हक्क.

प्रश्न

१. प्रकाशा येथे १९५५ साली खोदकाम झाले. तळाच्या थरातील खापरावर काय होते?
२. भास्कर कुलकर्णी यांनी वारली लोकांना काय दिले? काय शिकवले नाही?
३. भुरीबाईंना आधी विश्वास का वाटला नाही?
४. चित्रावर थेट ऊन का पडू देऊ नये?
५. चित्र विकले, तर ते पिशवीवर छापण्याचा हक्क आपोआप जातो काय?

हिशेब करा

एका चित्राला कागद-रंगाचे २०० रुपये आणि तीन दिवस लागले. रोजची मेहनत ३५० रुपये धरा. पदरची किंमत किती होईल? व्यापारी ८०० रुपये देतो म्हणाला, तर तोटा किती?

करून पाहा

तुमच्या घरातील किंवा गल्लीतील वडीलधाऱ्या बाईला विचारा, "तुमच्या माहेरी भिंतीवर काय काढीत असत?" ती जे सांगेल ते पाच ओळींत लिहा. खाली तिचे नाव आणि गाव तिला विचारून लिहा. मग आपली सही करा.